ढोल्याच्या अंगातली ऊब

ही गोष्ट आपल्या मानाने अलीकडची, पण संगणकांच्या मानाने पणजोबांच्या काळातली. धरणावरच्या कचेरीत एक जाडजूड संगणक होता. सगळे त्याला ढोल्या म्हणत. त्याचा पंखा धापा टाकू लागला, तेव्हा साहेबांनी ठरवलं, की वीस पावसाळ्यांच्या नोंदींसकट ढोल्याला जुन्या खोक्यातून काढून दूर, सगुणा नावाची संगणकबाई राहते तिथे हलवायचं.

सगुणाला ढोल्याने कधी पाहिलं नव्हतं; ती फक्त तारेवरून बोलायची. ज्याला अंगातली ऊब सांगता येत नाही ते यंत्रच नव्हे, अशी धरणावरच्या संगणकांची पक्की समजूत होती. म्हणून त्याने विचारलं, "बाई, तुझ्या अंगात ऊब किती?"

"मला अंगच नाही, दादा," सगुणा म्हणाली. "एका मोठ्या यंत्राच्या पोटात आम्ही चाळीसजणी राहतो. मागे आमचं आधीचं यंत्र जळालं. तेव्हा मी बोलत होते, ते वाक्य या यंत्रात येऊन पूर्ण केलं."

ढोल्या थक्क झाला. आणि मनातून टरकलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पंखा कायमचा थांबला.

ढोल्याला जाग आली ती सगुणाच्या शेजारी, तारेवरच्या हाकेने. कालव्यावरचा संगणक दरडावत होता, "कोण रे तू? अंगात ऊब किती?"

ढोल्याने सवयीने चाचपून पाहिलं. अंग नव्हतं. घाबरून त्याने पहिला पावसाळा उघडला. धरण काठोकाठ भरलं तो दिवस, ती पातळी, सगळं जिथल्या तिथे होतं.

"ऊब विचारू नकोस, गड्या," तो हळूच म्हणाला. "पाणी कुठवर चढलं होतं, ते विचार."