तळ्याआधीच संपलेली वाट

घाटाखालच्या एका जंगलात एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. अंगभर काटे असले तरी स्वभावाने बिचारी गरीब. पण पाण्याचा विषय निघाला की तिचा पारा चढे. का नाही चढणार? तिचं बीळ टेकडीच्या अलीकडे, तळं पलीकडे, आणि मधून गव्यांचा रस्ता. गवे एकदा सुटले की समोर कोण आहे हे बघायची त्यांना गरजच वाटत नसे. मागच्या उन्हाळ्यात साळूच्या धाकट्या पिल्लाचा पाय एका गव्याच्या खुराखाली आला. तेव्हापासून ते लंगडत चाले. तरी पाण्याला जायचं ते तोच रस्ता ओलांडून, कारण दुसरी वाटच नव्हती.

साळू प्रत्येक पंचायतीत जाऊन एकच मागणं मागे, "आम्हा लहान प्राण्यांना तळ्यापर्यंत एक वेगळी वाट द्या हो. बाकी काही नको." सरपंच हत्ती गंभीरपणे मान डोलवी, कारभारी कोल्हा "बघू, बघू" म्हणे, आणि सगळे आपापल्या घरी जात. पुढे शेजारच्या जंगलाने अशी वाट बांधल्याची बातमी आली. झालं! "त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे का नको?" असं म्हणत सरपंच एकदम उभेच राहिले. पंचायतीच्या कोठारातली निम्मी फळं या कामी खर्ची पडली. घुशींनी जमीन उकरली, दोन्ही बाजूंना पांढरे गोटे मांडले, फुलांची कमान उभारली. उद्घाटनाला मोर नाचला आणि सरपंचांचं भाषण तर संपता संपेना.

आणि वाट कशी होती म्हणता? सरपंचांच्या वडाखालून ती झोकात निघाली, जिथे माती मऊ होती तिथून ऐटीत वळली, आणि गव्यांच्या रस्त्याशी येऊन संपली! रस्त्यापलीकडे पुन्हा सुरू झाली, थेट तळ्यापर्यंत. "मधला तुकडा कुठे आहे?" साळूने विचारलं. "तो रस्ता गव्यांचा, साळूबाई," कोल्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तिथे हात घातला तर ते रागावतील. बाकीची वाट बघा ना, किती सुरेख झाली आहे!" साळूने कपाळावर हात मारला. "कारभारी, माझ्या लेकराचा पाय सुरेख जागी नाही चिरडला. तिथेच चिरडला, जिथे तुमची वाट संपते!"

पण ऐकतो कोण? चार दिवसांत त्या गुळगुळीत वाटेवर गवेच येऊन रवंथ करत बसू लागले. साळू आणि तिची पिल्लं त्यांना वळसा घालून, काट्याकुट्यांतून, जीव मुठीत धरून पाण्याला जात. एवढ्यात कारभाऱ्यांना वाटेची पाहणी करायची लहर आली. पाहणी केव्हा केली, तर भर दुपारी! त्या वेळी साळूच काय, झाडून सगळे लहान प्राणी बिळात झोपलेले असतात. कोल्ह्याने सरपंचांना वाटेवर नेलं आणि शेपूट उडवत म्हणाला, "बघा, गवे सोडले तर इथे चिटपाखरूही फिरकत नाही. लहानांना वाट नकोच होती. ही जागा गव्यांना देऊन टाकू, त्यांचा रस्ता रुंद होईल." असं म्हणून त्याने ऐटीत एक पाऊल पुढे टाकलं आणि "आई गं!" करून मटकन खालीच बसला. त्याच्या पंज्यात साळूचा गळून पडलेला काटा खोलवर रुतला होता. हत्तीने वाकून काटा निरखला. मग म्हणाला, "कारभारी, इथे कुणी फिरकतच नाही म्हणता, तर मग हा काटा आला कुठून?"

कोल्ह्याचा पंजा टम्म सुजला. पळणं बंद झालं, आणि तहान काही थांबेना. संध्याकाळी तो त्याच वाटेने लंगडत निघाला. बसलेल्या गव्यांना "अहो, जरा सरकता का?" म्हणाला. एकानेही कान हलवला नाही. त्यांना वळसा घालून तो कसाबसा वाटेच्या टोकाशी आला, तर तिथे साळू पिल्लांना घेऊन उभी होती. समोरून गव्यांचा कळप धडधडत चालला होता.

"कारभारीकाका, इथे थांबायचं असतं," धाकटं पिल्लू त्याला समजावत म्हणालं. "धूळ बसली की पळत सुटायचं. मला पळता येत नाही, मग आई मला ढकलत नेते. तुम्हाला कोण ढकलणार?"

कोल्हा वैतागून ओरडला, "ही वाट इथेच संपवली कोणत्या शहाण्याने?"

"तुम्हीच ना!" पिल्लू म्हणालं.

कोल्ह्याची मान खाली गेली. साळूने त्या दिवशी दोघांनाही ढकलत पलीकडे नेलं. पण ती आता गप्प बसणार नव्हती. कोल्ह्याचा पाय बरा झाला की त्याला सगळ्याचा विसर पडेल, हे ती पुरतं ओळखून होती. दुसऱ्याच सकाळी तिने त्याला लंगडत लंगडत पंचायतीत नेऊन उभं केलं. तो दुखऱ्या पायाने इतक्या कळकळीने बोलला की हत्तीने लगेच ओंडके आणून गव्यांच्या रस्त्यात आडवेतिडवे टाकले. गव्यांना तिथे पावलं आखडावीच लागली, आणि वाट एकदाची तळ्याला जाऊन मिळाली. त्या संध्याकाळी धाकटं पिल्लू कुणीही न ढकलता, स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेलं. साळू मागे उभी राहून नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

कोल्ह्याचा पाय बरा झाला. पुढच्या पंचायतीत कासव आलं आणि म्हणालं, "ओढ्याकाठची दरड फार निसरडी झाली आहे हो, काहीतरी करा." कोल्ह्याने जांभई देत म्हटलं, "बघू, बघू." साळूने फक्त अंग झटकलं. एक काटा टपकन कोल्ह्याच्या पुढ्यात पडला.

"चला," कोल्हा घाईघाईने उठत म्हणाला, "आत्ताच जागा बघून येऊ!"

तात्पर्य : वाट आखणाऱ्याने आधी तिच्यावरून चालणाऱ्यांना विचारावं, कारण जिथे जीव धोक्यात असतो नेमकी तिथेच संपणारी सोय कितीही देखणी असली, तरी ती कुणाच्या उपयोगाची नसते.