शिकंजा सैल केल्यावर

एकदा एक व्यापारी ॲल्युमिनियमच्या चौकटी करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आला. त्याच्या नव्या इमारतीला कमानदार दारे हवी होती. कारागिराने शिष्याकडे बोट दाखवले.

"हा करील."

"हा?" व्यापारी हसला. "आधी एक कमान दाखवू दे. जमली, तर सगळं काम त्याचं. नाहीतर तुमचा हात लागला पाहिजे, उस्ताद."

शिष्याने जीव ओतला. दाराच्या मापाचा लाकडी फर्मा, म्हणजे साचा केला, त्याभोवती ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी हळूहळू वाकवली आणि दोन्ही टोके शिकंज्यांत आवळली. पट्टी आणि लाकूड यांत कागदही शिरत नव्हता.

"वा!" व्यापारी म्हणाला. "पास!"

म्हातारा पुढे झाला. त्याने शिकंजे सैल केले. पट्टी अंग झाडल्यासारखी उसळली आणि कमान चांगली चार बोटे फाकली.

"अहो, बरोबर होतं की ते!" व्यापारी ओरडला. शिष्याचे तोंड उतरले. गुरूनेच आपले काम घालवावे, हे त्याला कळेना.

"धरलं होतं म्हणून बरोबर होतं, शेठ," म्हातारा सावकाश म्हणाला. "दारात कोण धरून बसणार आहे?" मग तो शिष्याकडे वळला. "बाळा, धातूला आपलं जुनं सरळपण आठवतं. सोडलं की तो थोडा मागे जातो. तो त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. किती मागे जातो, ते सोडल्याशिवाय कळत नाही."

शिष्याने फाकलेली पट्टी फर्म्यावर धरून मधली फट बोटांनी मोजली. रागाची जागा कुतूहलाने घेतली.

"म्हणजे फर्मा दारापेक्षा लहान हवा?"

"करून बघ."

त्याने लाकूड आणखी तासले, पट्टी जास्त वाकवली आणि या वेळी स्वतःच शिकंजे सोडले. पट्टी उसळली, उघडली, आणि दाराच्या गोलाईवर येऊन थांबली.

व्यापाऱ्याने मान डोलावली. "काम तुझं."

म्हाताऱ्याने पायांत वहाणा सरकवल्या.

"कुठे निघालात?" शिष्याने विचारले.

"घरी. उरलेल्या कमानी तू कर."

"आणि चुकलं तर?"

"मी शेजारी उभा असलो, तर तुझं चुकणारच नाही," म्हातारा मायेने म्हणाला. "म्हणून तर निघालो."

शिष्याने पुढची पट्टी उचलली.