शुक्रवारची मुकी घंटा

फार पूर्वी एका गावात रस्त्याच्या अलीकडे कॅथलिकांचं चर्च होतं आणि पलीकडे प्रोटेस्टंटांचं. दोन्हीकडच्या घंटांचं जमत नसे. एक वाजली की दुसरी मुद्दाम जोरात वाजे. मधल्या चिंचेवरच्या साळुंकीला याचं भारी कुतूहल.

गुड फ्रायडेला प्रोटेस्टंट घंटा संथ वाजू लागली. समोरून मात्र जराही आवाज नाही. "बघ, आजही तिला दुःख नाही," ती साळुंकीला म्हणाली.

साळुंकी रस्ता ओलांडून गेली. "मावशी, तू का गप्प?"

"प्रभूच्या मरणाचा शोक. ईस्टरपर्यंत आम्ही वाजत नाही," कॅथलिक घंटा कुजबुजली. "आणि ती बघ, आजही मिरवतेय."

"मिरवताना कुणी इतकं सावकाश वाजतं का?"

घंटा पहिल्यांदाच समोरचा नाद शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग साळुंकीनं तिच्या मौनाचं कारण पलीकडे जाऊन सांगितलं.

ईस्टरच्या सकाळी दोन्हीकडे दोर ओढले गेले, पण आवाज होईना. आधी दुसरीनं वाजावं म्हणून दोघींनी आपापला लोलक घट्ट धरून ठेवला होता. अंगणात माणसं खोळंबली. साळुंकी मान वाकडी करून बघत राहिली. इतक्या वर्षांत दोघी प्रथमच एकमेकींसाठी थांबल्या होत्या.