वंगण आणि पाणी

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्यावर एक रुग्ण सोपवला. रुग्ण कसला, ज्वर नाही की खोकला नाही! भिकोबा गाडीवानाचा तरुण मुलगा पुरात वाहून गेला होता, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याने अन्न सोडले होते. असेच चालले तर माणूस हाती लागणार नाही, हे साऱ्या गावाला दिसत होते.

शिष्य मोठा पंडित. रोज जाई, देह नश्वर आहे, शोक व्यर्थ आहे, असे सप्रमाण पटवून देई आणि पेजेची वाटी पुढे सरकवी. भिकोबा भिंतीकडे तोंड फिरवीत. अहो, ज्याचे पोर गेले त्याने प्रमाणे घेऊन करायचे काय?

एके दिवशी परतताना शिष्याने वाटेत कुणाच्या तरी गाडीचे निखळलेले चाक बसवून दिले. हात काळ्या वंगणाने माखले. वैद्यांच्या घरी येऊन त्याने हातांवर घागर रिकामी केली. पाणी ओघळून गेले, वंगण जागच्या जागी. तेव्हा वैद्यांनी त्याच्या ओंजळीत तिळाचे तेल ओतले.

"गुरुजी, आधीच हात तेलकट, त्यात आणखी तेल?"

"चोळ तर खरा."

वंगण सुटू लागले. मग फडक्याने पुसून रिठ्याच्या पाण्याने धुताच हात लख्ख झाले.

"वंगण भारीच हट्टी," शिष्य म्हणाला, "अगदी भिकोबांसारखे."

"वंगणाला कशाला बोल लावतोस?" वैद्य म्हणाले. "पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. मिठाला ते धरू शकतात, म्हणून त्याला आत घेतात. वंगणात त्यांना धरण्याजोगे काही सापडत नाही, म्हणून ते त्याला बाहेरच ठेवतात. तेलाची घडण मात्र वंगणासारखीच. ते सहज मिसळते. तुझी वचनेही अशीच एकमेकांना धरून बसली आहेत, बाळा. त्यांत भिकोबांचे दुःख शिरणार कुठून? तुझी आई गेली तेव्हा तू कित्येक दिवस कुणाशी बोलला नव्हतास. ते त्यांना कधी सांगितलेस?"



दुसऱ्या दिवशी शिष्याने भिकोबांपुढे एकही वचन उच्चारले नाही. आई गेल्यावर चुलीपाशी तिची फुंकणी दिसली आणि आपण कसे कोसळलो, हे सांगता सांगता तो रडू लागला. भिकोबा हळूच वळले.

"माझ्या पोराच्या वहाणा अजून दारातच आहेत रे," ते म्हणाले, आणि त्यांनी हंबरडा फोडला. दोघेही पोटभर रडले.

बऱ्याच वेळाने भिकोबांनी डोळे पुसले. "पेज गार झाली असेल," ते म्हणाले. "जरा ऊन करून दे."