एकही काडी बागेबाहेर नको

झुंजारराव महाराजांना कापाकापी अजिबात खपत नसे. नखं कापणं म्हणजे नाइलाज, केस कापणं म्हणजे दुष्टपणा, आणि मिशा तर इतक्या वाढलेल्या, की जेवताना एक हुजऱ्या डावी उचलून धरी, दुसरा उजवी. तरी आमटीत बुडायची ती बुडायचीच.

त्यांच्या लाडक्या गुलाबांचीही तीच गत. सात वर्षं कैची लागली नव्हती. झुडपं डोक्यावर गेली होती आणि फुलं म्हणाल, तर शेंड्याला एखादं, बोराएवढं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महाराज बागेत आले आणि रखमाजी माळ्याला म्हणाले, "मार्गशीर्षात राजकन्येचं लग्न आहे. त्या दिवशी प्रत्येक झाडाला शंभर फुलं हवीत. नाहीतर तू राज्याबाहेर!"

"सरकार, छाटणी करू दिलीत तर..."

"छाटणी? माझ्या गुलाबाची एक काडी जरी बागेबाहेर गेली, तरी तू राज्याबाहेर!"

सहा पिढ्यांचं घर सोडून रखमाजीने म्हातारपणी जायचं कुठे? त्याची मुलगी ठकू शेजारी झाडांना पाण्यासाठी आळी करत होती. ती हात झटकत पुढे आली.

"महाराज, काडी बागेत राहिली पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच."

"फडणीसकाका, लिहून घ्या बरं."

महाराजांमागे वही घेऊन उभ्या असलेल्या फडणीसांनी लिहिलं. महाराजांनी शिक्का मारला, कारण शिक्के मारायला त्यांना फार आवडे.

महाराजांची पाठ वळताच ठकूने कैची काढली.

"अगं, घात करतेस!" रखमाजी ओरडला.

"बा, बघवत नसेल तर डोळे मिटा."

तीन दिवस कैची चालली. वाळकं निघालं, एकमेकींत घुसलेल्या फांद्या निघाल्या, उरलेल्या हातभर राहिल्या. चौथ्या दिवशी चाळीस झाडं नुकतीच मुंज झालेल्या बटूंसारखी उभी होती.

महाराजांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. "हाकला या बापलेकीला!"

"आधी काड्या शोधा, महाराज. एक जरी बागेबाहेर सापडली, तर आम्ही आपणहून जातो."

भिंतीकडेच्या वाफ्यांत ओल्या काड्या ओळीने खोचलेल्या होत्या. वाळक्यांचं त्याच वाफ्यांना कुंपण होतं. फडणीस दिवसभर काडी अन् काडी तपासत फिरले आणि संध्याकाळी घामाघूम होऊन म्हणाले, "महाराज, सगळ्या आतच आहेत." मग ते फाटकाकडे निघाले.

"फडणीसकाका, थांबा," ठकू म्हणाली. "धोतराला काडी अडकलीय. तुम्हालाही राज्याबाहेर जायचंय का?"

फडणीस जागच्या जागी गोठले. महाराजांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. तिथे जागा भरपूर होती. "शिक्का माझाच आहे, तेव्हा तूर्त सोडतो. पण शंभर फुलं राहिलीच आहेत, पोरी."

मग महाराज रोज येऊन झाडं बघत आणि रोज उसासे टाकत. पंधरा दिवसांनी तांबूस फुटवे आले, महिन्याने कळ्या. आणि लग्नाच्या दिवशी बाग अशी काही फुलली, की नवरदेव मांडवाची वाट सोडून गुलाबांतच शिरला. मुहूर्त टळतो म्हणून त्याला दोघांनी ओढून नेलं. फडणीस एका झाडाची फुलं मोजता मोजता एकशे बारावर थांबले. पुढे काटा टोचला.

"पोरी, कापलंस आणि वर फुललं? असं कसं?" बागेतल्या पंगतीत जेवता जेवता महाराजांनी विचारलं.

"जुन्या फांद्या नुसत्या बसून खात होत्या, महाराज. फूल धरतं ते नव्या फुटीला. आणि तुमच्या काड्या बघा."

वाफ्यांतल्या काड्यांना पानं फुटली होती. चाळीस झाडांची चारशे झाली होती!

महाराजांनी आपल्या मिशांवरून हात फिरवला. "मग या कापल्या, तर याही अशाच जोमाने येतील?"

"येतील की. पण महाराज, ती छाटणी खुशाल बागेबाहेर टाका. माझ्या वाफ्यांत आता जागा नाही."

महाराज इतके हसले, की दोन्ही हुजऱ्यांच्या हातून दोन्ही मिशा सुटल्या आणि थेट मठ्ठ्यात पडल्या. त्यांनी तिथल्या तिथे न्हाव्याला बोलावलं आणि फडणीसांना कागद काढायला लावला. सगळी बाग ठकूला इनाम मिळाली, आणि त्या कागदावर महाराजांनी शिक्का चांगला दोनदा मारला.