म्हाताऱ्या मेंदूचे राखणदार

“मग हे राखणदार म्हातारे झाले, की काय करतात?” महाराजांनी विचारलं.

जयसिंग थोपटे काढ्याची वाटी हातात धरून धुनीपाशी बसला होता. मेंदूचा नावाजलेला डॉक्टर. मेंदूत जन्मभर मुक्कामाला असणाऱ्या राखणदार पेशींचा अभ्यास करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. नाथपंथातले त्याचे गुरू, हे महाराज, विसरू लागले, तसा तो हातातलं सगळं टाकून या डोंगरावरच्या मठात येऊन राहिला. महाराजांना आपल्याइतकं जपणारं दुसरं कुणी नाही, असं त्याला वाटे. तसा थोडा ताठाही होता त्याला त्याचा.

“तरुणपणी ते शहाणे असतात, महाराज. मेंदूभर चाचपत राहतात, केरकचरा उचलतात. शत्रू शिरला तर लढतात, आणि तो गेला की निवांत होतात.”

“आणि म्हातारपणी?”

“निवांत होत नाहीत. जरा कुठे खुट्ट झालं की अंगावर धावून जातात, आणि मग लवकर आवरत नाहीत. केर मात्र तसाच साठत जातो. कधीकधी तर पेशी-पेशींना जोडणारे चांगले धागेच खाऊन टाकतात.”

“म्हणजे कुंपणच शेत खातं, म्हण की.”

जयसिंगला हसू आलं. आज महाराजांचं डोकं चांगलं चालत होतं. सकाळी मात्र त्यांनी त्यालाच विचारलं होतं, ‘पाव्हणं, कुठून येणं झालं?’ तेव्हा तो मागच्या अंगणात जाऊन रडला होता.

“त्यांना कळतं का रे, की शत्रू गेलाय?”

“नाही. तेच तर दुखणं आहे.”

“त्यांना ‘बस’ म्हणणारं कुणी नसतं?”

“असतं ना. ज्यांची राखण करायची, त्या पेशीच सांगत असतात, शांत राहा म्हणून. वय झालं की त्यांचा तो निरोप क्षीण होत जातो.”

महाराज धुनीतली राख बोटाने सारखी करत राहिले...

“जयसिंगा, आपल्या दाराला कडी कधी बसली?”

जयसिंगने दाराकडे पाहिलं.

कडी त्यानेच बसवली होती. या मठाच्या दाराला पूर्वी कधी कडी नव्हती. येणाऱ्याने उंबऱ्याशी उभं राहून ‘आदेश’ म्हणायचं, हा नाथपंथी नमस्कार. आतल्याने आधी उलट ‘आदेश’ म्हणायचं आणि मगच कोण, कुठला, ते विचारायचं, अशी इथली रीत. ओळख पटवून मग नमस्कार करणं इथे पाप समजत.

पण दिवाळीच्या सुमाराला धनगरवाड्यावरची ठकूबाई खोकत खोकत आली. ती महाराजांच्याच वयाची. दोघं धुनीपाशी बसून जुनी भजनं म्हणत आणि कुठलं कडवं आधी, यावरून भांडत. तिच्या मागोमाग महाराजांना खोकला झाला, ताप भरला. ताप उतरला, पण महाराज पुरते परत आले नाहीत. कितीतरी दिवस ते भिंतीशी बोलत होते. म्हातारपणी साधा ताप मेंदूतल्या राखणदारांना कसा पेटवतो, हे जयसिंगने आजवर पुष्कळ रुग्णांत पाहिलं होतं. आता ते त्याने आपल्या गुरूंच्या डोळ्यांत पाहिलं.

दुधाने तोंड पोळलं होतं. ताकही फुंकून प्यायलं जाऊ लागलं. आधी ठकूबाई बंद झाली. मग खोकणारे बंद झाले, मग न खोकणारेही. दाराशी ‘आदेश’ ऐकू आला, की जयसिंग आतून विचारी, “कोण आहे?” आणि कुणीही असलं तरी परत पाठवी. तेव्हापासून महाराजांनी भजन म्हणणं सोडलं होतं. ते त्याच्या ध्यानात आलं होतं. पण त्याचा दोष तो वयाला देत होता.

“मीच बसवली,” तो शेवटी म्हणाला.

“माझा खोकला गेला का?”

“केव्हाच.”

“तिचा?”

“तिचाही गेला असेल. पण महाराज...”

“मग?”

“पुन्हा कुणी काही घेऊन आलं तर? तुम्हाला ठाऊक नाही आत काय चाललंय ते. मला ठाऊक आहे. मी हे सगळं तुमच्या रक्षणासाठी करतोय.”

“ते तुझे राखणदारही असंच म्हणत असतील,” महाराज म्हणाले.

जयसिंगने काढ्याची वाटी खाली ठेवली. त्याला राग आला. इतकं करून वर हे ऐकायचं! आणि रागाच्या तळाशी भीती होती. ती त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तेवढ्यात दाराशी काठी आपटली.

“आदेश!”

जयसिंग सवयीने ओरडला, “कोण आहे?”

“कोण म्हंजी?” बाहेरून ठकूबाईचा आवाज आला. “त्या गोसाव्याला इचार, त्यो जित्ता हाय का न्हाई. म्या कवाधरनं हेलपाटं घालतीया. मराच्या आदी येकदा भांडू तरी दे, मुडद्या!”

महाराजांचा चेहरा उजळला. “आदेश, ठके!” त्यांनी आतून साद दिली. आवाज कापत होता, पण नाव चुकलं नाही.

सकाळी जयसिंगचं नाव त्यांना आठवलं नव्हतं. हिचं आठवलं. तो उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

“नाही, महाराज. तुम्ही आज माझ्यावर रागवा, हवं तर शाप द्या. पण नाही.”

महाराज धुनीपासून उठले. भिंत धरत धरत त्याच्यापाशी आले. इतकं चालणं त्यांना झेपत नव्हतं. त्यांनी आपला राखेने भरलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला...



जयसिंगचं सारं अंग थरथरत होतं. मग हळूहळू ते थांबलं. त्याच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं ते निघालं.

“आणखी एक ताप आला ना, महाराज... तर तुम्ही मला कायमचे विसराल.”

“विसरेन, बाळा,” महाराज म्हणाले. “दार उघड.”