पेठेतली हजेरी

एकदा एका घाटावरच्या गावात, अँग्लिकन मिशनच्या मुलींच्या शाळेत, एक वृद्ध मुख्याध्यापिका होत्या. सारं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की पलीकडच्या देवळातले पुजारी एकदा गमतीनं म्हणाले होते, "बाई आमच्याकडे असत्या, तर घंटेचा खर्च वाचला असता!"

या शाळेची एक रीत मात्र जगावेगळी होती. इतर शाळांत आधी प्रार्थना आणि मग हजेरी. इथे आधी हजेरी आणि मग प्रार्थना. हजेरीही पुटपुटत घ्यायची नाही. मुलीचं, बापाचं आणि घराण्याचं अशी तिन्ही नावं मोठ्यानं घ्यायची. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या मुली एकाच ओळीत उभ्या राहून 'हजर' म्हणत, आणि मग चर्चमधली पेटी वाजे. असं का, हे कुणी विचारत नसे. रीत पडली होती, ती चालू होती.

याच शाळेत शिकून तिथेच नोकरीला लागलेल्या एक तरुण शिक्षिका होत्या. त्यांना मुली धाकट्या बाई म्हणत. त्यांच्या आठवीच्या वर्गातली सुगंधा एकाएकी शाळेत यायची थांबली. मुलगी गणितात अशी तल्लख, की बाईंनी फळ्यावर आकडे मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार! तिचे वडील शिवलिंग शेटे पेठेतले मोठे किराणा व्यापारी. धाकट्या बाई घरी विचारायला गेल्या, तेव्हा शेटेअण्णांनी पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला आणि गोड बोलून वाटेला लावलं. "सोयरीक जमलीय बाई. पोरगं चांगलं आहे. आता शाळा पुरे झाली."

धाकट्या बाई मोठ्या बाईंच्या खोलीत आल्या त्या रडकुंडीला येऊनच.

"सुगंधाचं नाव कमी करावं लागेल, बाई. पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे. आपल्या हातात आता काय राहिलं?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "हजेरीपट घे," त्या म्हणाल्या, "आणि वर्ग उठव."

आठवीच्या मुली रांगेनं निघाल्या त्या थेट पेठेत. शेट्यांच्या दुकानासमोर मोठ्या बाई थांबल्या, पट उघडला आणि भर बाजारात हजेरी घेऊ लागल्या. एकेक मुलगी 'हजर' म्हणत होती. गिऱ्हाइकं पिशव्या हातात धरून बघत राहिली. "सुगंधा शिवलिंग शेटे!" असा पुकारा झाला. माडीवरची खिडकी जराशी हलली, पण उत्तर आलं नाही. मोठ्या बाई क्षणभर थांबल्या आणि पुढचं नाव घेऊन हजेरी पुरी केली.

अण्णा तरातरा पायऱ्या उतरून आले. "बाई, हा काय तमाशा मांडलाय माझ्या दारात?"

"तमाशा कसला, अण्णा? शाळेची हजेरी चाललीय. तुमची मुलगी आमच्या पटावर आहे."

"मग काढून टाका की नाव!"

"तेवढं मात्र माझ्यानं होत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या आणि मुलींना घेऊन परत फिरल्या.

धाकट्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परतीच्या वाटेवर त्यांना राहवेना. "बाई, रागावू नका, पण यानं काय साधलं? माणूस दुखावला. उद्या चार बाप आपल्या मुली काढून घेतील. मिशनच्या बायका दारात येऊन गोंधळ घालतात, म्हणून गावात बोभाटा होईल तो वेगळाच."

मोठ्या बाई चालता चालता म्हणाल्या, "आपल्या पहिल्या मिसबाई या गावात आल्या, तेव्हा चर्चमागच्या तबेल्यात शाळा मांडून बसल्या होत्या. काही बापांनी मुलींची नावं दिली, पण प्रत्यक्षात एकही मुलगी आली नाही. लोक म्हणाले, बाई, आपल्या देशी परत जा. त्या गेल्या नाहीत. रोज सकाळी दारोदार उभं राहून मोडक्यातोडक्या मराठीत त्या मुलींची नावं घ्यायच्या. कुणी हसायचं, कुणी कुत्रं सोडायचं. एके दिवशी एका दारातून 'ओ' आली. आपली शाळा त्या दिवशी सुरू झाली बाळ, इमारत पुष्कळ नंतरची. जी आली नाही तिला विसरून देवापुढे उभं राहायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून आपल्याकडे हजेरी आधी."

मग त्या पुढे म्हणाल्या, "सुगंधाला घरात 'पोरी' म्हणतात, बाजारात 'शेट्यांची थोरली' म्हणतात. तिचं नाव पुरतं, मोठ्यानं, एक आपणच घेतो. उद्या मांडवात तांदळावर नवं नाव लिहितील. बापाचं जाईल, घराण्याचं जाईल, तिचं स्वतःचंही जाईल. एका दुपारी तिन्ही पुसली जातील. त्याआधीच आपण आपल्या हातानं खोडायचं?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी पट त्यांच्याच हातात दिला. "आज तू घे."

धाकट्या बाई दुकानासमोर पट उघडून उभ्या राहिल्या. अण्णा तागडीत गूळ जोखत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. हजेरी सुरू झाली. सुगंधाचं नाव जवळ आलं, तसे अण्णा खाली मान घालूनच म्हणाले, "कशाला शिणता, बाई? सासरी तिचं नाव बदलायचं ठरलंय. लक्ष्मी ठेवणार आहेत."

धाकट्या बाईंनी पटावरून मान वर केली.

"बरं झालं सांगितलंत, अण्णा. मग आज नीट घेते. हे नाव, तुमच्या नावासकट, यानंतर कुणी घेणार नाही."

आणि त्यांनी पुकारलं, "सुगंधा शिवलिंग शेटे!"

तागडीचं एक पारडं खाली टेकलेलं, अण्णांचा हात तसाच गुळावर. गूळ घ्यायला आलेली म्हातारी हळूच म्हणाली, "अण्णा, तुमचंबी नाव घेतायत की वं."

अण्णांनी हात धोतराला पुसला. एकदा माडीकडे पाहिलं.

"हजर," शेटेअण्णा म्हणाले. मग खाकरून, चांगलं मोठ्यानं, "हजर आहे हो! सुगंधे, ए पोरी, दप्तर घेऊन खाली ये. बाई खोळंबल्यात. सोयरिकीचं पुढचं पुढं बघू."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सुगंधा आली ती वेणी अर्धी घातलेली, एका पायात चप्पल, आणि रडतही होती, हसतही होती. मुलींनी तिला ओढून रांगेत घेतलं. अण्णा पुन्हा गूळ जोखू लागले, पण डोळ्यांना काटा दिसत नव्हता. म्हातारी शहाणी, तिनं वजनाची घाई केली नाही.

परतताना धाकट्या बाईंनी विचारलं, "बाई, आज अण्णा बोलले नसते, तर?"

"तर उद्या आलो असतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि उद्याही नसते बोलले?"

मोठ्या बाईंनी थांबून त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. "तेव्हा मी नसते आले. तू आली असतीस. तुला आता माझी गरज नाही."

कुणाचं नाव 'आता काय उपयोग' म्हणून कमी करावंसं वाटलं, तर आधी त्याच्या दारात जाऊन ते एकदा मोठ्यानं घेऊन पाहावं.